पुड्यातला मोगरा: रागाच्या भरात पादऱ्यापर्यंत

मला पादरा नावाच्या गावाला जायचंच नव्हतं. महिनाभर डोक्यात पावागढ होता. पण त्या सकाळी आमच्या नागरवाड्यातल्या घरी मी देवघराला टेकून पोहे खायला बसलो आणि सगळा बेत फिरला.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पादऱ्याला जाऊन मी का ओरडलो ते कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी तापात आईचं नाक गेलं. आमटी करपली तरी पत्ता नाही. पाच महिन्यांनी एका सकाळी ती देवापुढून ओरडली, "मंग्या, मोगरा आला रे!" आमची रोजची काळी अगरबत्ती, दहा रुपयांचा पुडा. तेव्हापासून तिचं ठरलेलं: सकाळी मोगरा आला म्हणजे नाक जागेवर आहे.

गेले दोन महिने मोगरा येईना. "परत गेलं वाटतं," ती म्हणाली. मी नवा पुडा फोडून हुंगला. घमघमाट! "अगं, मस्त वास आहे. तुझंच नाक गेलंय." मोबाइलमधून मान वर न काढता बोललो मी हे. आई स्वतः पुडा हुंगणार नाही. देवाला वाहायची वस्तू आधी हुंगायची नाही, फूल असो की उदबत्ती, हे तिच्या आईपासून चालत आलंय. म्हणजे तिला फक्त जळती काडी माहीत आणि मला फक्त पुडा.

मग रोज सकाळी दुधाचं पातेलं माझ्या नाकाखाली. "बघ रे, नासलंय का?" फोडणीचा वास येतो म्हणायची आणि लगेच पुढे, "तो सवयीचा असेल." गॅसचं बटण चार-चारदा तपासायची.

तर त्या दिवशी पोहे खाताना काडी माझ्या कानाशी जळत होती. मोगरा कुठला! जळका कोळसा, आणि वर काहीतरी कडवट, कुठे टायर पेटलाय असं. डोळ्यांत पाणी आलं. पोहे तसेच टाकले, पुडा खिशात घातला, स्कूटर काढली.

"अरे, पोहे!" आई मागून.

"येतो!"

पहिला मुक्काम लहरीपुऱ्याचा बाजार. तिथे स्कूटर लावायला जागा मिळणं हाच अर्धा प्रवास, तेव्हा जायचं तर दुकानं उघडता उघडता जा. आमच्या नेहमीच्या गुजराती दुकानदार काकांपुढे पुडा आपटला. "काका, याला वासच नाही." त्यांनी नवा पुडा फोडून माझ्या नाकाशी धरला. "आ शुं छे? बगीचो छे बगीचो!"

"पेटवा."

"दुकानमां? बाजूमां कापडवाळो छे, मने मारशे!" मग पुड्याची मागची बाजू दाखवून म्हणाले, "जो, पादरानुं सरनामुं छे. त्यां जा. मारुं माथुं ना खा."

पत्ता मिळाला. मी तसाच पादऱ्याकडे.

अटलादरा मागे पडलं की रस्ता बरा आहे, अर्ध्या तासात पोचता. शंभराच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं, बसेसही भरपूर. राग डोक्यात होता, पण पोह्यांवर पाणी सोडलेलं, म्हणून वाटेत सेव-उसळ हाणली. तिखट तर्री दोनदा मागून घेतली, आणि थोडी शर्टावरही सांडली. पादऱ्याच्या भाजीबाजारात तोंडल्यांचे असे हिरवेगार ढीग की मी दोन किलो घेऊन बसलो. आमच्याकडे तोंडली कोणी खात नाही. तिथून बाहेर पडून विचारत विचारत कारखाना गाठला.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. पाच-सहा बायका जमिनीवर बसलेल्या, कोपरापर्यंत हात काळे. टेबलामागे शेठ, माझ्याच वयाचा. काड्या तयारच येतात: बांबूवर कोळशाच्या भुकटीचा लेप, वास शून्य. इथे त्या सेंटात बुडवायच्या. मी उभा राहून बघत होतो. रमिलाबेन म्हणून एक वयस्क बाई होत्या. त्यांनी जुडीचं टोक सेंटाला लावलं न लावलं, काढलं. काड्या पुड्यात भरल्या आणि पुडा बंद करायच्या आधी आत पिचकारीने फूस!

"हे काय?"

"सेंट छे भाई. पुडा माटे."

"पुड्यासाठी? आणि काडीला?"

शेठ हसला. "बॉस, गिराक नाकथी माल ले छे. दुकानमां माचीस कोण पेटावे?"

हसला हो! माझा ताबा सुटला. अर्धं गुजराती, अर्धं मराठी, जे तोंडात आलं ते. "माझी आई दोन महिने समजतेय की तिचं नाक परत गेलं! रोज दूध मला हुंगायला लावते! तुझ्या या पिचकारीपायी!"

"तो डॉक्टरने बतावो ने," शेठ म्हणाला आणि पुड्यांचा एक खोका पुढे सरकवला. "लो, लई जाओ. फ्री."

मी खोका असा ढकलला की तो टेबलावरून खालीच गेला. पुडे फुटले आणि शेडभर मोगरा पसरला. तेवढाच, पिचकारीचा.

मी तणतणत बाहेर आलो. स्कूटरला किल्ली लावतोय तर मागून रमिलाबेन. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी काढून हातात दिली. "घर माटे बनावुं छुं." पूर्ण बुडवायची, रात्रभर झाकून ठेवायची, मग सावलीत वाळवायची, असं त्यांनी हातानेच करून दाखवलं.

"म्हणजे इथली तुम्ही घरी लावत नाही?"

"ए? घरमां?" त्यांनी हसत पदर तोंडाला लावला. "भगवानने खांसी थाय!" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बाने कहेजो, नाक सारुं छे." आईला सांग, नाक चांगलं आहे.

डिकीत तोंडली आणि पेट्रोल पुसायच्या फडक्याचा बोळा, त्यांचा वास लागेल म्हणून जुडी शर्टाच्या आत घालून आणली.

घरी आईने हातपाय धुऊन त्यातली काडी लावली. या वेळी मोबाइल बाहेर ठेवून मी तिच्या शेजारी बसलो. ती डोळे मिटून होती.

"मोगरा," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तू सेव-उसळ खाऊन आलायस. लसूण मारतोय शर्टाला. इथे पोहे पडलेत तसेच!"

मी हसत सुटलो आणि सगळं सांगितलं. टोक बुडवणं, पिचकारी, शेठ. ती ऐकत होती.

"म्हणजे फोडणीचा वास खरा होता?"

"खराच होता, आई."

"परवा तू दूध चांगलं म्हणालास आणि चहा फाटला. मला ते आंबूस आलं होतं रे."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, नाक गेलंय म्हणून."

पादऱ्याला जाल तर भाजीबाजार बघा, सेव-उसळ खा. आणि कुठल्याही दुकानात अगरबत्ती घेताना एक काडी पेटवायला लावा. शेजारचा कापडवाला ओरडला तर ओरडू दे. त्या शेठचा राग अजून गेलेला नाही. पण निदान तो माझ्या आईला ओळखत नव्हता. मी तिच्या घरात राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या वेळेला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. आईने झाकण काढलं, पातेलं स्वतःच्या नाकाशी नेलं आणि गॅसवर ठेवलं.

"मध्ये काय उभा आहेस?" ती म्हणाली. "ती तोंडली चिरायला घे."