आईने देऊळ तपासलं

गेल्या रविवारी पुण्याहून अर्चना आली. नोकरीच्या ट्रेनिंगमधली माझी मैत्रीण. तिला एका दिवसात जुनं वाशीम पाहायचं होतं. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, सगळं वाचून आली होती. मी इथे इतकी वर्षं नोकरी करते, पण ऑफिस, भाजीबाजार आणि बसस्टँड यापलीकडचं वाशीम मला फारसं ठाऊक नाही...

त्यात आदल्याच दिवशी मेडशीहून आई आली होती, डोळे तपासायला. तिला घरी एकटीला ठेवणं बरं दिसेना, म्हणून सोबत घेतलं. आणि मनातून घाबरले.

कारण सांगते. ट्रेनिंगच्या वेळी सगळ्या मुली आपापल्या घरचं सांगत होत्या. कुणाची आई शिक्षिका, कुणाची बँकेत. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "आईची शेती आहे. सोयाबीन, तूर." आमच्या नावावर एक गुंठाही नाही. आई आयुष्यभर बांधकामावर रेजा होती. गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहायची. पुढे अर्चनाशी मैत्री घट्ट झाली, पण ते वाक्य काही मागे घेता आलं नाही.

सकाळी बालाजी मंदिरात गेलो. आईने दारातच सांगून टाकलं, "आमी बुद्धाचे लोक. हात नाई जोडनार. पन पाहीन सारं." अर्चनाने घंटा वाजवली. आईने मान वर करून घंटेचं कडं न्याहाळलं आणि म्हणाली, "मजबूत हाय."

मग पद्मतीर्थाचं तळं. अर्चना फोटो काढत होती, आई उकिडवी बसून पायरीवर तळहात फिरवत होती. "पाह्य, पानी थांबत नाई इथं. बरोबर उतार देल्ला." मला वाटलं, आता काही खरं नाही.

ऑटोत बसल्यावर अर्चनाने विचारलंच, "काकू, यंदा सोयाबीन कसं आहे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी नसलेल्या ऑटोतून बाहेर पाहिलं.

"लोकायचं बरं हाय," आई म्हणाली.

अर्चनाला तो विनय वाटला. काकू किती साध्या आहेत, असं ती मला हळूच म्हणाली...

तिसरं ठिकाण म्हणजे एक जुनं, काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ. तिथे आधीच बाहेरगावची पंधरा-वीस माणसं उभी होती. टोपीवाले एक सर गळ्यात छोटा स्पीकर अडकवून त्यांना माहिती देत होते. हे दगड उडीद, गूळ आणि डिंकाच्या खास मिश्रणाने चिकटवले आहेत, वगैरे.

आई पुढे सरकली. मी तिचा पदर धरला, पण उशीर झाला होता.

"सर, दोन गोट्याच्या मधात काईच नाई," आई म्हणाली. "गोट्यावर गोटा बसोला हाय. नख घालून पाहा."

सरांनी खरोखर नख घालून पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. पंधरा-वीस माणसं भिंतीला नखं लावून उभी... आत पुजाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, ते लगबगीने बाहेर आले.

सर मोठ्या मनाचे निघाले. हसले, आणि त्यांनी माईक काढून आईच्या हातात दिला. आई आधी "हालो, हालो" म्हणाली. आपला आवाज आपल्याच कानावर आल्यावर जरा थांबली. मग सुरू झाली... वजनदार दगड खाली का, वरचा दगड थोडा पुढे काढून छत कसं आवळत नेलं, पाणी कुठून निघावं. बाहेरच्या कोपऱ्यातला नवा गिलावा बोटाने ठोकून म्हणाली, "हे आताचं काम. पोकळ वाजते. हे निंगनार."

"निघालंच आहे मावशी, पावसाळ्यात गळतं," पुजारी म्हणाले.

गर्दीतल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही पुरातत्त्व खात्यात होतात का?"

मी घाईघाईने म्हणाले, "आई बांधकाम क्षेत्रात होती."

"क्षेत्र कायचं वं?" आई माईकवरूनच म्हणाली. "रेजा होती मी. घमेले वाह्यले. बायायले थापी हातात देत नाई कोनी. म्हनून पाहून पाहून शिकली."

सगळ्या आवारात ते ऐकू गेलं. अर्चना माझ्याकडे बघत राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुजाऱ्यांनी गिलाव्यावर उपाय विचारून घेतला आणि आईच्या हातात नारळ ठेवला. तो प्रसाद होता. आई म्हणाली, "मजुरी म्हनून घेतला बरं का, महाराज." पुजारीही हसले.

परतताना अर्चनाने मला एक अक्षर विचारलं नाही. आईला मात्र विचारत राहिली... चुना कसा मळतात, स्लॅब टाकायच्या दिवशी बायका मुलांना कुठे ठेवायच्या. संध्याकाळी गाडीत बसताना ती आईच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "आता खरं सांगत जा गं." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ट्रेनिंगचं, शेतीचं. तिने ऐकून घेतलं. मग पायाची बोटं चोळत विचारलं,

"किती एकर सांगतली?"

"तीन."

"सांगाचंच होतं तं दहा सांगाव. तीन एकरात काय होते?"

मी हसले, आणि हसता हसता रडले. ती उठून चहा ठेवायला गेली.

तेव्हा आज इथे सगळ्यांसमोर लिहिते. आमची शेती नाही, कधीच नव्हती. माझी आई रेजा होती. माझं शिक्षण तिने डोक्यावरून वाहून आणलं, आणि वाशीमची देवळं मला पहिल्यांदा तिनेच दाखवली.