माझ्या केसांची गौर

पेणच्या कारखान्यात मी गौरीचे मुखवटे रंगवते. आज एका मुखवट्याला माझाच सावळा रंग दिला आणि कपाळावर माझ्यासारखे कुरळे केस काढले.

मालक काका बघत राहिले. "छान झालाय गो. पण अशी गौर कोण घरी नेणार नाय."

मग मीच त्यावर गोरा रंग चढवला, केस सरळ काढले. वाईटसुद्धा वाटलं नाही.

दुपारी आईचा फोन. "उद्या रोह्याची मंडळी तुला बघायला येतायत. पार्लरात जाऊन केस सरळ करून ये."

"व्हय," म्हटलं.

आता पार्लरच्या खुर्चीत बसून हे लिहितेय. बोटांना सकाळचा सावळा रंग तसाच आहे. माझ्या कातडीवर तो दिसतच नाही.

तुमच्या घरची गौर कुणासारखी दिसते हो?