ताटावरचं नाव

आमच्या महाविद्यालयात नुसती मान वर केली तरी कुणीतरी दिवंगत दिसतं. पंख्यांच्या पात्यांवर, बाकांच्या पाठींवर, कपाटांच्या दारांवर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं असतं, अमुक यांच्या स्मरणार्थ. पंखा फिरायला लागला की वडिलांचं नाव वाचता येत नाही, म्हणून एका देणगीदारांनी तो जरा हळू लावत जा, असंही सुचवलं होतं. पाण्याचे कूलर तर भिंतीला ओळीने उभे आहेत. त्यांतल्या एकाच्याच नळाला पाणी येतं. जामखेडच्या बाजूला कूलर देणं सोपं, त्यात पाणी आणणं अवघड.

मी इथे मराठी शिकवते. माझी जीभ गोड आहे असा संस्थेचा जुना गैरसमज असल्यामुळे माजी विद्यार्थ्यांकडे देणगी मागायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. खरं म्हणजे मी तिरसट बाई. पण मागायला उभी राहिले की मलाही गोड बोलता येतं, आणि त्याचा मला नंतर दिवसभर राग येत राहतो.

त्या वर्षी मागायला खरंखुरं कारण होतं. विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी रोज गावाहून एसटीने यायची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला बेलापूरच्या साखर कारखान्याकडे जायचे, तेव्हा थोरल्या भावाच्या आधाराने ती घरी राहायची. यंदा भाऊही टोळीबरोबर निघाला होता. दसऱ्याच्या सुमारास वडील तिला घेऊन माझ्याकडे आले.

"होस्टेलात खोली फुकट दिली तुमी, उपकार झाले," ते म्हणाले. "पर खानावळीचं आमाला झेपत न्हाई. अन् कुलूप लावल्या घरात एकटी पोर कशी ठिवायची? जेवनाची सोय झाली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर येईल भावाबरुबर. त्यो अर्धाच कोयता हाय."

ऊसतोडीत कोयता म्हणजे माणसांची जोडी, एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. भाऊ बिनलग्नाचा, म्हणून अर्धा. बहीण गेली की पुरा. ती मुलगी खाली बघत उभी होती. हातात प्रयोगवही होती आणि तिचा कोपरा ती नखाने सारखा सरळ करत होती.

मी पुण्यात व्यवसाय करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला गाठलं. माणूस भला. वडिलांच्या स्मरणार्थ आणखी एक कूलर द्यायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, कूलर राहू द्या, वसतिगृहातल्या गरजू मुलींना जेवण द्या. ते जरा अवघडून म्हणाले, "बाई, देतो हो. पण जेवणावर नाव कुठं टाकायचं?"

मला चीड आली आणि चिडले की माझी जीभ जास्तच चालते. "ताटावर टाका की," मी म्हणाले. "आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतातच. मुलगी जेवली की खाली तुमच्या वडिलांचं नाव."

त्यांना ते फार आवडलं. वडील ताटात कधी शीत ठेवायचे नाहीत, असं म्हणाले. मीही खूश. मुलीला निरोप धाडला, सोय होतेय म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर टेम्पो आला. त्यात स्टीलची ताटं होती, खणाखणा वाजणारी, प्रत्येकाच्या मधोमध सुबक अक्षरांत नाव घातलेलं. ताटांखाली वाट्या, वाट्यांखाली पेले. आणि बस्स. मी फोन लावला. ते म्हणाले, "मिळाली ना? तुम्ही म्हणालात तसं थेट ताटावरच नाव घातलं. आता वाढायचं तेवढं संस्थेनं बघावं." मी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, यंदाचं आता झालं बाई, पुढच्या वर्षी बघू. संस्थेत विचारलं तर जेवणाची तरतूद नाही म्हणाले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि ती वाढायला आता ताटं मात्र होती.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. एका हातात पिशवी, दुसऱ्यात गुंडाळलेली वाकळ. तोंडभर हसत म्हणाली, "मॅडम, ताटं आली म्हनं. म्या सामानच घेऊन आले."

तिला काय आणि कसं सांगितलं ते मला आज नीट आठवत नाही. माझ्या घरी राहा, असंही म्हणून पाहिलं. वडिलांना ते पटलं नाही. कुणाच्या घरी किती दिस ठिवायची, म्हणाले, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते. ती रडली नाही. प्रयोगवही तेवढी माझ्याकडे ठेवून गेली. तिकडे उसाच्या पाचटात खराब होईल म्हणाली.

थंडीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. ताटांचं उद्घाटन म्हणून पाहुण्यांना त्यातच जेवण वाढलं. डाळबट्टी, वांग्याची भाजी, वर तूप. देणगीदार माझ्या शेजारी बसले होते. ऊर भरून आला होता त्यांचा. वार्षिक परीक्षेला ती मुलगी बसणार नाही हे मला तोवर कळून चुकलं होतं. भाऊ आणि ती मिळून पुरा कोयता झाला होता आणि पुढच्या हंगामासाठीही टोळीच्या मुकादमानं आगाऊ पैसे देऊन तो धरून ठेवला होता.

अर्ध्या ताटावरच मी हात थांबवला. तेवढ्यात देणगीदार वाकून हळूच म्हणाले, "बाई, संपवा ना. नाव झाकलं गेलंय."

मी संपवलं.