एक नंबरवरचा कूलर

अकोल्याच्या मे महिन्यात कूलर एक नंबरवर चालवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका माझा बाप. "हळू फिरला का लाईट कमी जळते," हा त्यांचा सिद्धांत. आई बिचारी दुपारभर पदरानं वारा घेत कूस बदलत राहायची. पाठ घामोळ्यांनी भरलेली, डोळ्याला डोळा नाही. मला तिची दया यायची आणि बाबांचा असा राग यायचा की सांगता सोय नाही.

मी अमरावतीला राजापेठेत फिजिक्सची ट्यूशन घेते. सुट्टीत माहेरी आले तेव्हा ठरवलं, यंदा बाबांचाच क्लास घ्यायचा.

आमचा रेग्युलेटर जुना, भिंतीवरचा काळा डबा. आत तारेचं वेटोळं. एक नंबरवर करंटला त्या सगळ्या तारेतून जावं लागतं. तार त्याला अडवते आणि स्वतः तापते. पाचवर ती मधून बाजूलाच होते. हे सगळं मी जीव तोडून समजावलं. पण बाबांचं बल्बच्या तारेसारखं. ती गार असताना करंटला फारशी अडवत नाही, तापली की दहापट अडवते.

"आता तू मले शिकवून राहिली काय वं?"

"शिकवत नाही बाबा. त्या डब्याले हात तर लावा."

लावला आणि झटकन मागे घेतला. "बाप्पा! हा तं तव्यावानी तापला!"

"तुमी वाचवलेली लाईट तिथंच जळून राहिली. करा पाचवर."

केला. थोड्या वेळानं पुन्हा हात लावायला लावला, तर डबा गार. इकडे आई चक्क घोरायला लागली.

मी अर्धंच सांगितलं होतं, आणि त्याची मला काडीची लाज नाही. डबा तापायचा थांबतो हे खरं, पण पंखा जोरात फिरतो तो काय फुकट? एकूण लाईट पाचवरच जास्त जळते. ते कशाला सांगा?

बाबा बराच वेळ दिसेनात म्हणून मी ओसरीवर गेले. मीटरपुढे उभे राहून, डोळे बारीक करून ते त्यातल्या लाल दिव्याची उघडझाप पाहत होते.

"एकवर इतकी लपलप नाही करत हा," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "रोज पाह्यतो मी. लबाड हायेस तू."

झालं, पकडले गेले. मी मुकाट्यानं आत आले आणि बटण एकवर करायला हात घातला. मागून येऊन त्यांनी हातावर चापट मारली.

"राहू दे," बाबा कुजबुजले. "झोपली हाये थे."