मी फक्त वेग वाचला

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. भावापुढं नाही, आईपुढं तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू —

आधी चांगलं ते सांगते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे सांगताना माझी मान ताठ होते, आणि का होऊ नये? वडील वारणानगरला साखर कारखान्यात कामगार. पाळीला सायकलनं जायचे, हँडलला डबा, आणि कधीमधी पुढच्या दांडीवर मी. नदीकडनं वारं सुटलं की म्हणायचे, "मान खाली घाल गं, वाऱ्याला तोंड दाखवायचं न्हाई." मळीचा तो आंबूस वास, वडिलांच्या शर्टाचा घाम, आणि कानात घुसणारं वारं — आजही डोळे मिटले की मी त्या दांडीवर असते.

मी शिकले, शाहूपुरीत एका ऑफिसात लागले, कळंब्याला आम्ही घर घेतलं. आणि घरात एक रीत पडून गेली. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, लाईट बिल कसं वाढलं, मोबाईलवर कसला मेसेज आला — "आक्काला दाखवा." आक्का म्हणजे मी. मी वाचलं की ते खरं. पुन्हा कुणी बघायचं नाही. ही रीत लक्षात ठेवा, कारण मी तिचाच गैरफायदा घेतला.

तिशी ओलांडल्यावर मला सायकलचं वेड लागलं. साधं वेड नव्हे. हलकी सायकल, ठोके मोजायला छातीला बांधायचा पट्टा, हँडलवर मीटर, आणि पायडलमध्ये बसवलेलं पॉवर मीटर — पाय किती जोर लावतात ते वॅटमध्ये दाखवणारं. पावसाळ्यात हॉलमध्ये स्टँडवर सायकल चढवून मी तासतासभर जागच्या जागी पायडल मारायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "एवढा घाम गाळतीस, त्याला पिठाची गिरणी तरी जोड की. दळण तरी निघंल." हसायचे सगळे. मीही हसायची. पण आतून वाटायचं — यांना काय कळणार?

मग भावाचं लग्न झालं आणि रेश्मा घरात आली. गडहिंग्लजकडची. बारावी झालेली, बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. तिची शाळा गावापासून लांब, माळावरचा रस्ता. धाकट्या बहिणीला कॅरिअरवर घेऊन रोज सायकलनं जायची. दुसऱ्याच महिन्यात म्हणाली, "आक्का, मी पण येतो की तुमच्याबरोबर."

त्या सकाळी — खरं सांगू, त्यांच्याइतक्या चांगल्या सकाळी माझ्या आयुष्यात फार नाहीत. भावाची जुनी जड सायकल घेऊन ती निघायची. फुलेवाडी मागं टाकून बालिंग्याचा पूल ओलांडला की गगनबावड्याकडनं येणारं आषाढाचं वारं सरळ छातीवर. दोन्ही बाजूंचा ऊस आडवा झालेला, पात्यांची पांढरट बाजू वर. माझी सायकल डुगडुगायला लागायची. आणि रेश्मा पुढं येऊन ओरडायची, "माझ्या मागं लागा आक्का! वारं मी घेतो अंगावर!"

मी तिच्या चाकामागं लपायची. मागच्याला निम्मं वारं लागतं, हे सायकल चालवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. चहाच्या टपरीवर टपरीवाला एकदा म्हणाला, "काय पावणं, एवढी म्हागाची सायकल आन् मागनं येताय व्हय?" रेश्मानंच त्याला गप्प केलं, "त्या ट्रेनिंगवर हायत. जोर राखून ठेवत्यात." तिनं माझी बाजू घेतली — आणि मला ते टोचलं. कसं टोचलं, हे तुम्हाला समजावून सांगता येईल का? नाही येणार.

शाहूपुरीत सायकलच्या एका दुकानाभोवती आमचा हौशी लोकांचा गट होता. आम्हाला शिकवणारे सर होते. त्या वर्षी त्यांनी बायकांच्या चौघींच्या शर्यतीसाठी संघ बांधायला घेतला. तिघी ठरल्या. चौथी जागा माझीच, असं मी धरून चालले होते. दोन वर्षं घाम गाळला होता की नाही? पण सरांनी रेश्माला रस्त्यावर माझ्या पुढं जाताना बघितलं होतं. म्हणाले, "तुमच्या भावजयीलापण एकदा तुमच्या मीटरवर बसवा. दोघींत जिचा जोर जास्त, ती चौथी."

माझी चाचणी उन्हाळ्यात झालेली. वारं पडलेलं, रस्ता मोकळा. ताशी सत्तावीस वेग आणि एकशे अठ्ठ्याहत्तर वॅट. दोन वर्षांची कमाई होती ती.

रेश्माची चाचणी आषाढातल्या एका दुपारी. बालिंग्याच्या पुढं, तोंडावर वारं. मी माझी सायकल तिला दिली, सीट खाली केली, आणि भावाच्या सायकलवर तिच्या मागं राहायचा प्रयत्न केला. प्रयत्नच. ती वाकून, मान खाली घालून जात राहिली आणि लहान होत गेली.

शेवटी ती एका शेताच्या बांधाशी थांबलेली सापडली. धापा टाकत, तोंड लाल, केस सगळे कपाळाला चिकटलेले, हसत. मी मीटर काढून हातात घेतलं. त्यावर दोन आकडे होते. वेग — ताशी एकोणीस. जोर — दोनशे चार वॅट.

सरांनी आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. वाऱ्यात वेग बघायचाच नाही. वारं वेग खातं. पायातलं खरं काय ते फक्त वॅट सांगतात. ते मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

"वाचा की आक्का. जमंल का मला?"

मी वाचलं. "एकोणीस."

"आन् तुमचं किती आलतं?"

"सत्तावीस."

खोटं एक अक्षर बोलले नाही मी. हेच तर — एक अक्षर खोटं नव्हतं. एक आकडा वाचला, एक वाचला नाही. ती उसाकडं वळली. मग जोरात हसली. "बघा, मला वाटलं लई जोरात गेलो मी! जाऊ दे. तुमीच जावा. मशीन काय खोटं बोलतंय व्हय?" बोलता बोलता ओढणीनं माझं मीटर पुसून दिलं तिनं. घामानं ओलं झालं होतं ना.

मीटर विचारत होतं — साठवू, की काढून टाकू? मी 'काढून टाक' दाबलं. बोट थरथरलं का? आठवत नाही. थरथरलं असं सांगितलं तर बरं दिसेल, पण मला खरंच आठवत नाही.

सरांना सांगितलं, तिला घरच्या कामातनं वेळ होत नाही. ते म्हणाले, ठीक आहे.

संघात मी गेले. आमचा तिसरा नंबर आला. वारं लागलं की मी तिघींच्या मागं असायची, आणि माझी पुढं यायची पाळी आली की वेग पडायचा. घरी आले तर रेश्मानं दारात ओवाळलं. मेडल तिनंच खिळा ठोकून बुद्धमूर्तीच्या शेजारी टांगलं. "आमच्या आक्का," असं चाळीसभर माणसांना सांगून आली असेल ती. त्यानंतर सकाळी मी तिला हाक मारली की म्हणायची, "तुमी जावा, मी मागनं ओझं कशाला?" आणि एक दिवस भावानं ती जड सायकल भंगारात घातली.

बरीच वर्षं झाली. मी आता क्वचित जाते त्या रस्त्याला. गेले तर पुढं रिकामा रस्ता, आणि वारं सगळं माझ्याच अंगावर.

हे एवढंच असतं तर कदाचित लिहिलं नसतं. पण मागच्या शनिवारी रेश्माची पोरगी शाळेतनं आली ती सायकल शर्यतीत नाव द्यायचंय म्हणून नाचतच. स्वयंपाकघरात आम्ही दोघी मेथी निवडत होतो. रेश्मा तिला प्रेमानंच म्हणाली, "नाव दे बाळा, पण नंबर येईल म्हणून बसू नको. माझ्या पायात तसला जोर न्हाई, तुझ्यात कुठनं येणार? आत्याच्या मशीनवर बघितलंय आमी."

पोरगी माझ्याकडं वळली. "व्हय आत्या?"

रेश्माही बघत होती माझ्याकडं, मेथीची जुडी हातात धरून, नेहमीसारखी. आता मी वाचणार आणि ते खरं असणार.

मी म्हणाले, "व्हय."

पोरगी बाहेर खेळायला गेली. मी मेथी निवडत राहिले.