कडुबा मिस्त्रीचा कान

पडेगावात दौलताबाद रोडच्या कडेला कडुबा मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याला बोर्ड नाही. ज्याला कडुबा मिस्त्री माहीत नाही त्यानं आपली गाडी खुशाल दुसरीकडे नेऊन आणखी बिघडवून घ्यावी, असं त्याचं मत. बोर्डाच्या जागी दारावर एक तार ताणलेली आहे आणि त्या तारेवर मेलेली रॅचेटं टांगलेली आहेत.

रॅचेट म्हणजे गोटी पाना फिरवायचा दांडा. पुढं रेटला की नट फिरतो, मागं ओढला की नुसतं कटकट वाजतं, म्हणून अडचणीच्या जागेतही पाना न काढता काम होतं. डोक्यात दात्यांचं एक चाक आणि त्या चाकाला अडवणारा एक खटका, एवढाच त्याचा जीव. हा जीव किती दिवस टिकतो यावर कडुबा कंपनीची लायकी ठरवतो, आणि त्याच्या हिशेबी अलीकडे कुणालाच लायकी उरलेली नाही.

गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकाला त्या तारेखाली उभं राहून ऐकून घ्यावं लागतं. "हे बघा, लाल रबरी मुठीचं. डब्यावर काय छापलं होतं, आयुष्यभराची हमी. अकरा दिवसांत गेलं. कुणाचं आयुष्य धरलं होतं, डासाचं? आन मुठीला गादी कशाला लागते? ज्याला गादी लागते त्यानं बाजंवर झोपावं. हे दुसरं, आरशावानी चकचकीत. लग्नात आहेर द्यायला बरं. ट्रॅक्टरच्या चाकाला लावलं तर डोकं उकललं. आन हे बहात्तर दात्यांचं. दाते जितके जास्त तितके बारीक, बारीक तितके लवकर झिजतात. आता टक्कल पडलंय त्याला." अशी एकोणीस प्रेतं. सगळी त्याच्याच हातून मेलेली, पण रीतसर मेलेली. घट्ट बसलेला नट आधी टॉमीच्या, म्हणजे बिनखटक्याच्या साध्या दांड्यानं हलवायचा आणि मगच रॅचेट लावायचं, हा नियम त्यानं चाळीस वर्षांत मोडलेला नाही. रॅचेटच्या दांड्यावर पाइप चढवून जोर करणारा मिस्त्री दिसला की तो त्याला मिस्त्री म्हणतच नाही. हमाल म्हणतो.

त्याचं स्वतःचं रॅचेट चोवीस दात्यांचं, जाड, काळपट, कुरूप. ते त्याच्या उस्तादाचं, रहीमचाचांचं. रहीमचाचांनी त्याला लासूर स्टेशनच्या एका गोठ्यात बसून ट्रॅक्टर उघडायला शिकवलं, आणि मरायच्या आधी हे हत्यार त्याच्या हातात दिलं. दांड्याच्या अगदी टोकाला दोन बोटं रुंद चामड्याची पट्टी शिवलेली आहे. उस्तादाचा हात म्हातारपणी घसरत असेल, असं कडुबानं गृहीत धरलं. एरवी मुठीच्या गादीला नाकं मुरडणाऱ्या माणसानं उस्तादाची एवढीशी गादी पोटात घातली. शेवटी शेवटी म्हातारा पाना तोंडात धरून बसायचा, तेही त्यानं पाहिलं होतं. पान सुटलं म्हणून पाना चावतोय, असं सांगून त्यानं चार मिस्त्र्यांना हसवलंही होतं.

रहीमचाचांचा मुलगा हारिस. त्याचं उस्मानपुऱ्यात हत्यारांचं दुकान आहे. नवा माल आला की हारिस फोन करतो आणि मंगळवारी कडुबा स्कूटरवरून जातो. दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर बसतो, चहा घेतो आणि एकेक रॅचेट कानाशी धरून डोळे मिटून उलटं फिरवतो. ही रीत रहीमचाचांची. खटका प्रत्येक दात्यावर सारख्या जोरानं पडला तर आवाज सारखा येतो. एखादा दाता आखूड असेल, स्प्रिंग मऊ असेल, तर मध्येच एक आवाज दबतो. उरलेली सगळी माहिती डब्यावर छापलेली असते आणि ती खोटी असते. जे पास झालं त्याच्या मानेला हारिस लाल दोरा बांधतो. लासूर स्टेशनपासून पडेगावापर्यंतचे मिस्त्री दुकानात येऊन कंपनीचं नाव विचारत नाहीत. लाल दोऱ्याचं आहे का, एवढंच विचारतात.

पण दोन वर्षांपासून लाल दोरा बांधायची वेळच येईनाशी झाली. कडुबा कानाशी धरी, फिरवी, तोंड वाकडं करी आणि "मुकं" म्हणून रॅचेट काउंटरवर टाकी. आधी दहातली चार गेली, मग आठ, आणि यंदा उन्हाळ्यात आलेली चाळीसच्या चाळीस मुकी निघाली. "पोलादात माती कालवतात रे हल्ली," तो म्हणाला. हारिस हो म्हणाला आणि पेटी आत घेऊन गेला. लाल दोरा नाही म्हणून मिस्त्री दुसरीकडे जाऊ लागले. दुकानात दुपारी माश्या बसू लागल्या, त्याचंही खापर कडुबानं कंपन्यांवरच फोडलं.

कंपन्यांनी घरातही फसवणूक चालवली होती. कुकरच्या शिट्ट्या वाजेनाशा झाल्या. त्यानं शिट्टी बदलली, मग कुकर बदलला, मग तिसऱ्या कंपनीची शिट्टी आणली. मुलगी मंजुषा शाळेतून येऊन स्वयंपाकाला लागली की हा ओट्याशी उभा राहून पहारा देई.

"झाली का एखादी?"

"चार झाल्या, बाबा. वरण करपंल आता."

"चार! वाफ गेली असंल नुसती. शिट्टीत सुद्धा चोरी करतात हे लोक."

मंजुषानं एकदा कान तपासायचा विषय काढला. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. शहरातला सगळ्यात तयार कान आपला, आणि तो कुणा डॉक्टरच्या पोरासमोर धरायचा? एव्हाना वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल. कडुबाच्या आलं नव्हतं. जग बिघडलंय असं मानण्यात जो थाट आहे तो आपण बिघडलोय असं मानण्यात नाही, आणि कडुबाला थाट सोडवत नव्हता.

गेल्या महिन्यात त्याच्या जुन्या रॅचेटची स्प्रिंग तुटली. तसल्या स्प्रिंगा फक्त हारिसकडं, रहीमचाचांच्या पत्र्याच्या डबीत. म्हणून त्यानं हत्यार दुकानात ठेवलं आणि तीन दिवस हाताला दुसऱ्या हत्याराची सवय नसल्यानं गॅरेजमध्ये सगळ्यांवर ओरडत राहिला. चौथ्या दिवशी उस्मानपुऱ्याला गेला. दुकानात लासूर स्टेशनचा ट्रॅक्टर मिस्त्री अभय बसला होता. लाल दोऱ्याच्या आशेनं तो तिसऱ्यांदा आला होता. हारिसनं रॅचेट पुसून दोन्ही हातांनी पुढं केलं. आतून धुतलं होतं, नवी स्प्रिंग घातली होती, नवं ग्रीस भरलं होतं.

कडुबानं ते कित्येक वर्षांनी कानाशी धरलं. डोळे मिटले. फिरवलं.

काहीच नाही. इतकी वर्षं जे दगडावर दगड पडावा तसं वाजायचं ते मुकं. त्यानं दुसऱ्या कानाशी धरलं. तिथंही तेच. त्याच्या मानेपर्यंत रक्त चढलं.

"आतलं चाक कुठंय?" त्यानं विचारलं.

"कोणतं चाक, काका?"

"उस्तादाचं! चांगलं पोलाद दिसलं, काढून घेतलंस. आन आत तुझ्या चाळीसातलं घातलंस, मुकं! अरे बापाच्या हत्याराचं काळीज काढलंस तू. उस्तादाच्या पोटी तू कसा निपजलास?"

अभय उठून उभा राहिला. रस्त्यावरचे दोघे थांबले. हारिसचा चेहरा उतरला. त्यानं पेचकस घेतला, रॅचेटच्या डोक्यावरचे दोन स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, चाक बोटानं उचलून फडक्यावर ठेवलं आणि दिव्याखाली सरकवलं. चाकाच्या तोंडावर लोखंडी पंचानं ठोकलेले तीन ठिपके होते. रहीमचाचा आपल्या प्रत्येक हत्यारावर मारायचे ते. या चाकावर मारले तेव्हा चाक धरून कडुबाच बसला होता, आणि तिसरा ठिपका त्याच्या अंगठ्याच्या नखाला चाटून गेला होता. नख अजून वाकडंच वाढतं.

तो ते ठिपके बघत राहिला. हारिसनं चाक परत बसवलं, स्क्रू आवळले आणि रॅचेट हवेत धरून फिरवलं.

"वाजतंय की, काका," अभय म्हणाला. "रोडपर्यंत चाललाय आवाज."

कडुबानं तिघाचौघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं पाहिलं. पहिल्यांदा त्याला वाटलं, सगळे मिळालेले आहेत. हा हारिस, हा लासूरचा भामटा, ते रस्त्यावरचे रिकामटेकडे. त्यानं प्रत्येकाला मनातल्या मनात एकेक शिवी दिली. मग शिव्या संपल्या. हारिसचा हात फिरतच होता, दुकानातले सगळे ऐकत होते, आणि त्यांच्यात एकटा तो बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भीती वाटली, आणि ती त्याच्या तोंडावर सगळ्यांना दिसली.

हारिसनं अभयला चहा सांगायला पाठवलं, रस्त्यावरच्यांना हात जोडून वाटेला लावलं. मग स्टूल कडुबाच्या मागं सरकवलं.

"काका, बसा. ती पट्टी मुठीसाठी नाय."

"कोणती?"

"चामड्याची. अब्बांना शेवटची सहा वर्षं कानानं कळत नव्हतं. इंजिनानं खाल्ले कान. बोलणं ऐकू यायचं, बारीक आवाज तेवढा गेला. मग त्यांनी ती शिवून घेतली. दातात धरायला."

कडुबानं दांड्याचं टोक डोळ्यांजवळ नेलं. पट्टी तेलानं काळी झाली होती. वरच्या बाजूला चार-पाच खोलगट खुणा होत्या, खालच्या बाजूला तशाच. पंधरा वर्षं हे रोज हातात होतं आणि त्यानं त्या कधी पाहिल्या नव्हत्या. त्यानं टोक दाताखाली धरलं. तेलाची आणि जुन्या चामड्याची कडू चव तोंडात आली. बोटानं डोकं फिरवलं.

दाढेत ठोका बसला. मग दुसरा, मग तिसरा, जबड्यातून थेट डोक्यात. एकही दबका नाही. चोवीस पुरे झाले तरी तो फिरवतच राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

"चाळीस?" शेवटी त्यानं विचारलं.

"आत आहेत. त्याच्या आधीची पण."

"इकली नाहीस?"

"तुम्ही नको म्हणालात ना, काका."

 दोन वर्षं या पोरानं त्याच्या शब्दाखातर माल आत कोंडून ठेवला होता, दुकानात माश्या मारल्या होत्या, आणि आज त्याच्याच तोंडून चोरीचा आळ ऐकून घेतला होता. तारेवरच्या एकोणीस प्रेतांना मिळून त्यानं जेवढ्या शिव्या दिल्या असतील तेवढ्या त्याला स्वतःला द्याव्याशा वाटल्या.

"आण," तो म्हणाला. "पेटी आण."

अभय चहा घेऊन आला तेव्हा कडुबा मिस्त्री खिशातला रुमाल रॅचेटच्या दांड्याला गुंडाळून चावत बसला होता. अभयला हसू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. कडुबानं पाहिलं आणि मान खाली घालून पुढचं दाताखाली घेतलं. पहिली सहा चांगली निघाली. सहाही त्यानं उन्हाळ्यात मुकी म्हणून टाकली होती. सातव्यात प्रत्येक फेरीला एक ठोका दबत होता. "हे भंगार," तो रुमालासकट म्हणाला, आणि त्या कंपनीच्या मालकाबद्दल जे बोलला त्यात मात्र जुना जोर होता. अशी एकूण चौदा खरंच भंगार निघाली. ती त्यानं वेगळी काढली, प्रत्येकाची लायकी तिथल्या तिथं काढली, आणि उरलेल्यांना हारिस लाल दोरा बांधत गेला. पहिलं दोऱ्याचं अभयनं उचललं.

तो गेल्यावर कडुबानं रुमाल सोडून दुसऱ्या बाजूनं गुंडाळला. जबडा दुखायला लागला होता.

"उस्तादाला मी हसायचो रे," तो म्हणाला. "पाना चावतो म्हणून."

"हौ. त्यांना माहीत होतं."

"माहीत होतं? मंग बोलले काय नाय कधी?"

हारिस दोऱ्याची गाठ मारत होता. गाठ पक्की होईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही.

"मी म्हणलो होतो, अब्बा, काकांना सांगा. तर म्हणले, हसने दे उसकू, अभी कान हैं उसके."

 कडुबानं रुमाल आवळला आणि पुढच्या रॅचेटसाठी हात पुढं केला.