गुडघ्याची पुडी

बाबांनी माझ्या नव्या साडीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "किनार वाकडी हाये वं बाई. वापस कर."

आमच्या कोष्ट्याच्या घरात कापडाबद्दल बाबांचा शब्द शेवटचा. माग विकून जमाना झाला, पण नजर विणकराचीच. मी तडक इतवारी बाजारात गेले आणि दुकानदाराशी भांडले. त्यानं शांतपणे साडी काउंटरच्या कडेला लावून दाखवली. किनार अगदी सरळ होती. तोंडघशी पडून घरी आले, ती बाबांवरच उखडले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हटलं. त्यानंतर त्यांनी कुठल्याच कापडाला नाव ठेवलं नाही आणि मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

पुढे दाराची चौकटही त्यांना मधेच वाकलेली दिसू लागली, तेव्हा कुठे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वयामुळे डोळ्याचा पडदा झिजतोय, त्याच्याखाली पाणी साचलंय, असं निदान झालं. डोळ्यात इंजेक्शनं घेतली. दर वेळी बाबा माझा हात घट्ट धरायचे. पाणी मात्र हटलं नाही.

मग पडद्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हाताच्या शिरेत रंग टोचून डोळ्यांचे फोटो काढले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"वयाचाच आजार वाटतो, पण तो नाही," त्या म्हणाल्या. "हे पाणी जुनं आहे आणि दुसऱ्याच कारणानं झिरपतंय. बाबा, कुठलं औषध चालू आहे? पुड्या, जडीबुटी?"

बाबांचा चेहरा खुलला. "गुडघ्याची पुडी घेतो न मॅडम. माही पोरगी आणते कळमेश्वरहून. चालता येत नव्हतं मले, आता बाजार करून येतो!"

कळमेश्वरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून मगच औषध घ्या, असं पोरांना बजावते. त्या पुडीवर एक अक्षर नव्हतं. तिथल्या वैद्याची ख्याती ऐकून मीच ती सुरू केली. बाबांचा चेहरा गोल झाला, तेव्हा तब्येत सुधारली म्हणून मीच पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यानं हे पाणी झिरपत राहतं, चेहऱ्याची सूजही त्याचीच, म्हणाल्या. एकदम बंद करायचं नाही, फिजिशियनच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायचं. उरलेली नजर बहुधा टिकेल. मधली गेली ती गेली.

वैद्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मन हलकं झालं नाही. विष त्यानं कालवलं असेल, पण पाण्याच्या पेल्यासोबत बाबांच्या हातात मीच देत होते, आणि वर, घेतली का म्हणून दटावतही होते.

पुड्या सुटल्या तसे गुडघे पुन्हा धरले. एका सकाळी बाबा भिंत चाचपत स्वयंपाकघरात आले.

"काहून वं, पुडी नाही आणली?"

खरं सांगायचं म्हणूनच तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "वैद्यानं दुकान बंद केलं, बाबा."

"अरेरे. लय गुणी माणूस होता."

समोरून माझा चेहरा त्यांना दिसत नाही. मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "तू काहून तोंड उतरवून राहिली? तू होती म्हून एवढा तं चाललो."